पिंजऱ्याचं राहू द्या, आधी गोठ्याचं बोला

परवा रात्री आमच्या वस्तीवर बिबट्याने शेजारच्या काकूंच्या तीन शेळ्या मारल्या. एक उसात ओढून नेली, दोन जागीच टाकल्या. सकाळी पुढारी आले, फोटो झाले, "पिंजरा लावायला सांगतो" म्हणाले आणि गेले. काकूंचा गोठा आजही तसाच आहे. तीन बाजूंनी कूड, वर पत्रा, समोर सताड उघडा.

आता कडू बोलतो, राग आला तरी चालेल. आपल्या जुन्नर भागात पिंजरे काय आज लागलेत का? २००१ च्या सुमारास बिबटे धरून दुसऱ्या जंगलात सोडायचा धडाका लावला होता. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, २००३ पर्यंत ही सरासरी १७ वर गेली. हे संशोधकांनी नोंदवलंय, माझ्या मनचं नाही. एक नेला की त्या जागेवर दुसरा येतो. ऊस उभा, कुत्री मोकाट, शेळ्या उघड्यावर. का नाही येणार?

"भरपाई मिळते की!" मिळते ना. गेल्या साली माझी गाभण शेळी गेली. ४८ तासांच्या आत कळवलं. पंचनाम्याला माणूस तिसऱ्या दिवशी उगवला, तोवर मढं राखत बसलो, वास सुटला. पैसे आले ते एका शेळीचे. पोटातल्या करडांचं काय? आणि हाच पैसा आधी जाळीला दिला असता तर?

बंद गोठा म्हणजे काय बंगला नाही. खाली दोन-तीन फूट भिंत, वर चारी बाजूंनी तारेची जाळी, दाराला पक्की कडी. आणि वरूनही बंद! हे आपण हमखास विसरतो, बिबट्या भिंत चढून आत उतरतो.

धनगर बांधवांचं तर कुणी नावच काढत नाही. त्यांचा वाडा आज या रानात, उद्या त्या. वाघरीने मेंढरं अडतात, बिबट्या नाही. शेजारीच लेकरं झोपलेली असतात. त्यांना उचलून नेता येईल अशी उंच जाळी अन् सौर दिवे द्या की.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडतोय. गावातल्या उघड्या गोठ्यांची यादी करा, जाळीला पैसे मागा, पहिली जाळी काकूंच्या गोठ्याला. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक कोण होतंय ते खाली सांगा. पुढाऱ्यांनी सांगितलं तरी चालेल.