गाऱ्हाणे आणि श्रद्धा

दुःखाच्या घरी समाचाराला गेलेली माणसे बहुधा दोन वाक्ये बोलतात. एक, देवाची इच्छा. आणि दुसरे, आता मन घट्ट करा. ख्रिस्ती घरांतून या दुसऱ्या वाक्याला आणखी एक पुस्ती जोडलेली मी ऐकली आहे: विश्वास असेल तर तक्रार कशाला? माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंचा तरुण मुलगा गेला. प्रार्थनेला बसले की समोर भिंत असल्यासारखे वाटते, देव आपल्याला टाकून गेला असे वाटते, इतकेच त्या बोलल्या. त्यावर त्यांच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी त्यांच्या विश्वासातच खोट काढली. मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु गाण्याच्या निमित्ताने त्या धर्माचे संगीत आणि त्यामागचा ग्रंथ बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्या आधारावर एवढे म्हणण्याचे धाडस करतो की, त्या आप्तांनी आपलेच बायबल पुरते उघडलेले नाही.

बायबलातील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतला सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. देवा, तू झोपलास का, तोंड का लपवलेस, किती काळ विसरणार, अशी रोखठोक भाषा त्यांत आहे. आपल्या तुकोबा-नामदेवांनी विठ्ठलाशी मांडलेले भांडण ज्यांच्या कानांवर आहे त्यांना हे परके वाटणार नाही. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभच, देवाने आपल्याला का टाकले, या प्रश्नाने होतो. आणि गवय्याच्या दृष्टीने गंमत अशी की, त्या स्तोत्राच्या माथ्यावर ते मुख्य गवयाकडे सोपवल्याची नोंद असून ‘पहाटेची हरिणी’ अशा अर्थाचे एक नाव दिलेले आहे. ते चालीचे नाव असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे टाकून दिल्याचा हा आक्रोश कोणी कोपऱ्यात दडवून ठेवला नाही. त्याला चाल लावून तो मंदिरातल्या गायकांच्या हाती दिला, आणि साऱ्या समुदायाने तो गावा अशी व्यवस्था केली.

हेच शब्द येशूने वधस्तंभावर उच्चारले. मत्तय आणि मार्क या दोघांनी ते नोंदवले आहेत. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिलेली. पण येथे मात्र मूळ बोलीतला उच्चार जसाच्या तसा ठेवून मग अर्थ दिला आहे. जवळ उभे असलेल्यांनाही तो नीट कळला नाही. हा एलीयाला हाक मारतो आहे, असे ते म्हणाले. जणू ती हाक ऐकणाऱ्यांच्या कानांतून जाता जाईना.

या प्रसंगाची धार बोथट करण्याचा एक मार्ग काही उपदेशक सुचवतात. ते म्हणतात, बाविसावे स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळते. येशूने पहिली ओळ उच्चारून सबंध स्तोत्रच सुचवले, तेव्हा हा विलाप नसून विजयच आहे. हिब्रू परंपरेत ग्रंथ पहिल्या शब्दाने ओळखले जातात, हे खरे. तरीही मला हा युक्तिवाद पटत नाही. श्वास संपत आलेला माणूस अनुक्रमणिका सांगत नसतो. शुक्रवारीच रविवार उरकून घेण्याची ही घाई आहे. मला त्या हाकेत महत्त्वाचे वाटते ते निराळेच. प्रश्न विचारण्यापूर्वी त्याने देवाला दोनदा ‘माझा’ म्हटले आहे. ज्याच्याशी नाते तुटले त्याला कोणी ‘माझा’ म्हणत नाही. आणि जो नाहीच असे वाटते त्याच्याकडे कोणी फिर्याद घेऊन जात नाही. माझ्या वडिलांनी संस्थानी काळात दरबारी गवयी म्हणून उमेदवारी केली होती. दरबारात अर्ज घालतो तो पदरी असलेलाच, हे त्यांच्याकडून मी पुष्कळदा ऐकले आहे.

मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा कित्येकांना धक्का बसला. कलकत्त्याच्या कामाला आरंभ झाल्यापासून पुढे सुमारे पन्नास वर्षे, १९५८ मधला थोडा काळ सोडला तर, या बाईंना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. आत केवळ अंधार, असे त्यांनीच लिहून ठेवले होते. काहींनी लगेच निकाल दिला की त्या नास्तिक झाल्या होत्या. परंतु त्या पहाटे उठून प्रार्थनेला बसत राहिल्या, रस्त्यावरचे मरणोन्मुख उचलत राहिल्या. १९६१ च्या सुमारास त्यांना या अंधाराची उकल करून दिली ती पुण्यात धर्मशास्त्र शिकवणाऱ्या येशूसंघीय फादर जोसेफ नॉयनर यांनी. देवाची एवढी तहान लागणे हीच तो गुप्तपणे जवळ असल्याची खूण, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ होता. त्याने अंधार गेला नाही. त्या अंधारासह राहता येऊ लागले, एवढेच.

बाखने १७२७ च्या शुभ शुक्रवारी लाइपझिगला सादर केलेल्या ‘मत्तयकृत दुःखसहन’ या रचनेत येशूचे शब्द आले की प्रत्येक वेळी मागे तंतुवाद्यांचा मंद स्वर उभा राहतो, प्रभावळीसारखा. या एका हाकेच्या वेळी मात्र ती वाद्ये गप्प होतात. तंबोरा थांबल्यावर गवयाला एकट्याने स्वर धरावा लागतो तशी ती जागा आहे. आणि थोड्याच वेळात समूह जे गातो ते पाउल गेरहार्टचे गीत: मी जाईन तेव्हा तू माझ्यापासून जाऊ नकोस, असे त्यातले मागणे. या गेरहार्टच्या पाच मुलांपैकी एकच वाचले होते. (चाल मूळ हासलरच्या १६०१ सालच्या प्रेमगीताची! आपल्या नाटकी पदांच्या चाली भजनांत आल्या म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र याहून अवघड आहे. त्यात शेवटी वळण नाहीच. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्दही अंधार हाच आहे. तरी संग्रहकारांनी ते गाळले नाही. उपासनेत ते फारसे कोणी गाताना मी ऐकलेले नाही. मराठी ख्रिस्ती मंडळींना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंग यांचा वारसा दिला, त्यामुळे त्यांच्याकडे साधन नाही असे म्हणता येत नाही. आमच्या शहरातल्या भजनमंडळींनी येत्या शुभ शुक्रवारी हे स्तोत्र घ्यावे, असे मी सुचवतो. राग मारवा ठेवावा. त्यात षड्ज सतत दूर राहतो, आणि ऐकणारा त्याची वाट पाहत बसतो. शेवटी भैरवी जोडू नये. चाल बसवणारे कोणी नसल्यास मी बसवून देईन. तालमीला महिनाभर मात्र हवा.