अभिजात कशाला म्हणावे?

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत यांनाही त्याच दिवशी हा मान मिळाला. त्याचा आनंद होणे स्वाभाविकच आहे. परंतु प्राचीनता हा या दर्जाचा एक प्रमुख निकष आहे आणि केवळ वयाने कोणतीही कृती श्रेष्ठ ठरत नाही. तेव्हा अभिजात म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतोच.

शब्दाचे मूळ पाहिले तर ते श्रमिकांना परके वाटावे असेच आहे. 'अभिजात' म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. युरोपातील 'क्लासिक' हा शब्दही रोमच्या करआकारणीतून आला. मालमत्तेनुसार नागरिकांचे वर्ग पाडले जात आणि सर्वांत धनाढ्य वर्गाला ही संज्ञा होती. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस याने ती लेखकांना लावली आणि तिच्या विरोधात शब्द योजला तो 'प्रोलेटेरियस'! साहित्याची प्रतवारी अशी संपत्तीच्या प्रतवारीवरून बेतली गेली.

याच शब्दाला मार्क्सने वेगळा अर्थ दिला. 1867 च्या 'भांडवल' ग्रंथात पेटीपासून पुढच्या ज्या अर्थशास्त्रज्ञांनी उत्पादनसंबंधांच्या अंतरंगाचा शोध घेतला, त्यांना त्याने अभिजात म्हटले. केवळ वरवरच्या देखाव्यात रमणाऱ्यांना उथळ ठरविले. रिकार्डोचे निष्कर्ष त्याला मान्य नव्हते. पण रिकार्डोला वळसा घालून पुढे जाता येत नाही, हे तो जाणून होता. ज्याच्याशी विरोधकालाही झुंजावे लागते ते अभिजात, अशी कसोटी यातून हाती येते. ती कुळाची नव्हे, सत्यशोधनाची कसोटी आहे.

मराठीचा अनुभव याहून निराळा नाही. मुंबई सरकारच्या आश्रयाने तुकारामाची गाथा 1869 ते 1873 या काळात छापली गेली. तत्पूर्वी दोन शतकांहून अधिक काळ ती हस्तलिखित वह्यांत आणि कष्टकऱ्यांच्या मुखात जगली होती. सरकारने तिला मोठेपण दिले नाही. असलेले मोठेपण छापले. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 1883 मध्ये लिहून झाला, पण त्यांच्या हयातीत तो संपूर्ण पुस्तकरूपाने निघाला नाही. कोणत्याही विद्वत्सभेची मोहोर त्यावर नव्हती. तरीही सारा, कर्ज, नोकरशाही, जमिनीची धूप आणि पाणी यांचा परस्परसंबंध समजून घेऊ पाहणाऱ्याला आजही त्या ग्रंथाचे दार ठोठवावे लागते.

म्हणून अभिजातपण हे एकदा मिळवून कपाटात ठेवण्याचे पदक नव्हे. प्रत्येक पिढीने वाचून, तपासून, प्रसंगी नाकारूनही ते नव्याने सिद्ध करावयाचे असते. त्यासाठी वाचणारा समाज हवा. मराठी शाळा ओस पडत असतील आणि गावच्या ग्रंथालयाला कुलूप असेल, तर दर्जाचे पत्र कितीही मोलाचे असो, ते वाचणार कोण? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. त्यामागे लोकांचा रेटा उभा करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. अभ्यासवर्गात 'असूडा'चे एक प्रकरण वाचले जावे, त्यावर कडाडून वाद व्हावा. ज्यांना रोमने यादीच्या तळाशी ठेवले, त्यांच्याच हाती ग्रंथ जेव्हा पडेल, तेव्हा 'अभिजात' या शब्दाचा कुळाशी असलेला संबंध खऱ्या अर्थाने तुटेल.