शास्त्र आणि मानव्यविद्या : ही भिंत पाडलीच पाहिजे

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : मुलाने विज्ञान घ्यावे की कला? हुशार असेल त्याने विज्ञानाकडे जावे, उरलेल्यांनी कलाशाखेकडे, असा जणू अलिखित कायदाच होऊन बसला आहे. हा कायदा केवळ खोटा नव्हे, तर घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शास्त्रज्ञ आणि साहित्यिक एकमेकांची भाषाच विसरले आहेत, असा इशारा सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिज येथील व्याख्यानात दिला होता. मी वकील आहे. ही दरी किती महाग पडते, हे मला न्यायालयाच्या दृष्टीने सांगावयाचे आहे.

इंग्लंडमधील लेस्टर परगण्यात १९८३ व १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. १७ वर्षांच्या एका तरुणाने त्यांपैकी एका खुनाची कबुली दिली. परंतु लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत १९८४ साली शोधून काढली होती. दोन्ही कृत्ये एकाच माणसाची असून तो माणूस हा तरुण नव्हे, हे त्या रीतीने सिद्ध झाले. शब्दाने गुंतविलेल्या निरपराध्याला शास्त्राने सोडविले.

मग पोलिसांनी हजारो पुरुषांचे रक्त तपासले. तरीही गुन्हेगार सापडेना. कारण त्याने आपल्या नावावर दुसऱ्यालाच रक्त द्यावयास लावले होते! मद्यगृहातील गप्पांत हे बिंग फुटले, कोणी तरी ते पोलिसांना कळविले आणि १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. प्रयोगशाळेला रक्त कळले. माणसाची लबाडी माणसांच्या बोलण्यातूनच कळली.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नवी फौजदारी संहिता अमलात आली. ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत शास्त्रीय तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद तीत आहे. उद्या गरीब आरोपीचे भवितव्य अशा तज्ज्ञाच्या अहवालावर ठरेल. त्याच्या वकिलाला तो अहवाल उमगत नसेल, तर तो उलटतपासणी कशाची घेणार? आणि नमुन्यांची अदलाबदल झाली तर एका माणसाचे आयुष्य मातीत जाते, याची जाण तज्ज्ञाला नसेल, तर त्याचे शास्त्र काय कामाचे?

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि मानवतावाद ही दोन्ही एकाच खंडात शेजारी शेजारी आहेत. घटनेने जे जोडले, ते आपण का तोडावे?

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे : विज्ञान शिकणाऱ्या मुलाच्या हाती इतिहास आणि राज्यघटना द्या, कला शिकणाऱ्या मुलीला गणिताची भीती घालू नका. पुरावा तपासणारी बुद्धी आणि माणूस ओळखणारे अंतःकरण ही एकाच घरात नांदली पाहिजेत. तसे झाले, तरच कागदावरचा हक्क माणसाच्या हाती येईल.