ट्रॅव्हल, ट्रिप आणि आमची खेप

मंडळी, आमच्या जळगावात 'ट्रॅव्हल्स' हे एक वाहन आहे. ती रात्री निघते, पहाटे पुण्यात सोडते आणि मूड लागला तर मध्येच बंद पडते. "कशानं आला भो?" "ट्रॅव्हल्सनं." इथपर्यंत कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते इंटरव्ह्यूत.

माझं बिघडलं 2004 साली. पुण्यातली एक कंपनी. रात्रभर बसमध्ये अंग आंबलेलं. साहेबांनी प्रेमानं विचारलं, "हाऊ वॉज युअर जर्नी?" मी म्हणालो, "इट वॉज अ लाँग ट्रॅव्हल, सर." समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसले नाहीत, पण त्या एका नजरेनं मी खलास! पुढचा प्रश्न लिंक्ड लिस्टचा होता, झोपेतही आला असता. तोही चुकला.

परवा धुळ्याहून भाचीचा फोन आला. "मामा, मी 'माय ट्रॅव्हल वॉज गुड' म्हटलं आणि ते हसले. आता मी पुण्याला अर्जच करणार नाही." वीसेक वर्षं झाली राव, आणि बग तोच.

माझं स्पष्ट मत आहे, की हा पोरीचा दोष नाही. शाळेत आम्हाला शब्दार्थ कसे मिळाले? ट्रॅव्हल म्हणजे प्रवास. जर्नी म्हणजे प्रवास. ट्रिप म्हणजे सहल. पाठ करा आणि मोकळे व्हा. चार वेगवेगळे डेटा टाइप एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबले, तर प्रोग्रॅम कोसळणारच!

गंमत म्हणजे हा फरक आपल्याला आधीपासून कळतो. खानदेशातला माणूस "मी तीन कापूस विकले" म्हणेल का? तीन गाठी म्हणेल, तीन क्विंटल म्हणेल. ट्रॅव्हल हा नाम म्हणून कापसासारखा आहे, सगळा मिळून एक, मोजता न येणारा. म्हणून 'अ ट्रॅव्हल' होत नाही. मोजायची असते ती ट्रिप. ट्रॅक्टरवाला "आज चार खेपा झाल्या" म्हणतो ना, तीच. खेपेत जाणं आणि येणं दोन्ही आलं. जर्नी म्हणजे इथून तिथं पोचेपर्यंतचं अंतर आणि वेळ. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला लग्नाला गेलात, ती एक जर्नी. परत आलात, ती दुसरी. लग्नासकट सगळं मिळून एक ट्रिप. रेल्वेनं जायचं तर चाळीसगावला गाडी बदला, जर्नी लांबते, ट्रिप मात्र एकच राहते. टूर म्हणजे फिरत फिरत अनेक ठिकाणं, मंत्र्यांचा दौरा असतो तसा. व्हॉयेज लांबच्या जलप्रवासाला किंवा अंतराळातल्या प्रवासाला. आणि मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर पायी जाणाऱ्या पालखीला नुसतं 'ट्रिप' म्हणून बघा. आपल्यालाच कसंतरी होतं! ती वारी.

थोडं खोदलं तर आणखी मजा येते. जर्नीच्या मुळाशी फ्रेंचमधला 'दिवस' आहे, म्हणजे दिवसभराची मजल. ट्रॅव्हलच्या मुळाशी कष्ट आहेत (ट्रॅव्हल्सच्या शेवटच्या सीटवर बसलेल्यांना हे सांगायला नको). आणि व्हॉयेज लॅटिनमधल्या ज्या शब्दापासून आला, त्याचा अर्थ आहे वाटखर्ची, शिदोरी! आपला 'प्रवास' तर संस्कृतात घर सोडून परगावी राहणं होता. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारी आमची सगळी पोरं त्या अर्थानं अजून प्रवासातच आहेत.

तेव्हा शिक्षकांना विनंती, की इंग्रजी शब्द शिकवताना मराठी बाजूला ठेवू नका. खेप, दौरा, सहल, वारी, मजल, हे सगळे फळ्यावर लिहा. पोरं दहा मिनिटांत शिकतील.

आणि टेबलापलीकडे बसणाऱ्यांनाही एक सांगायचंय. आता मीही तिथेच बसतो. 'लाँग ट्रॅव्हल' ऐकून कळतं ते एवढंच, की समोरचा लांबून आलाय. कोड येतो की नाही, ते लिंक्ड लिस्ट विचारल्यावर कळेल. आधीच हसलात तर तेही कळणार नाही.

असो. बऱ्याच मनधरणीनंतर भाचीनं परत अर्ज केलाय. सोमवारी इंटरव्ह्यू आहे, रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतेय. पहाटे घ्यायला मी जाणार आहे. जर्नी कशी झाली ते मराठीतच विचारीन, आधी चहा पाजून.