येथे केस सरळ करून मिळतील

केस हा काय चळवळीचा प्रश्न आहे का, असं मागच्या बैठकीत एका भाईने विचारलं आणि बाकीचे फिदीफिदी हसले. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी केसांना जेल चोपडलेलं होतं, ते मी मोजून ठेवलंय. च्यायला, ज्या देशात बाई सवाशीण की विधवा हे तिच्या डोक्यावरून ठरलं, पुरुषाची लायकी शेंडीवरून ठरली, त्या देशात केस हा चळवळीचा प्रश्न नाही तर काय सत्यनारायणाचा प्रश्न आहे? १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र केलं आणि न्हाव्यांनी बामणांच्या विधवांची डोकी भादरायला साफ नकार दिला. वस्तरे खाली ठेवले. ही चळवळच होती ना? आणि त्याच काळात गावकुसाबाहेर आमचे आजे-पणजे एकमेकांची डोकी एकमेकांनीच भादरत होते, कारण गावची म्हैस भादरणारा न्हावी महाराच्या डोक्याला हात लावत नव्हता.

आता सगळं उलटं झालंय. आता आमच्या डोक्याला हात लावायला जो तो टपलाय. फक्त मोजायचे साडेतीन हजार.

माझी धाकटी बहीण एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. आमचं घर मोखाडा तालुक्यात, वारली-कोकणा-ठाकरांच्या पाड्यांना लागून बौद्धांची जी चार घरं आहेत त्यातलं एक. ती पालघरकडे एका कपड्याच्या दुकानात नोकरी मागायला गेली. मालकाने मार्कलिस्ट बघितली, हिशेब करून घेतला, आणि म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, केस तेवढे सेट करून ये, गिऱ्हाईक बघतं. ती तिथून तशीच जव्हारला पार्लरमध्ये भाव विचारून आली आणि रात्री मला फोन केला. "दादा, वैतागले रे मी. एकदाचे सरळ करून टाकते. साडेतीन हजार पाठव."

वैताग मला कळतो. माझ्या डोक्यावर तेच रान आहे. लहानपणी आई मोहाच्या बियांचं तेल थापून फणी ओढायची आणि फणीचे दात तुटायचे. शाळेत मास्तर डोक्यात पेन्सिल खोचून बघायचे, पडते का. वर्ग हसायचा. एकदा शाळेत उवांची तपासणी झाली तेव्हा कात्री पाड्यावरच्या पोरींच्या डोक्यांवर चालली, बाजारपेठेतल्या पोरींच्या वेण्या शाबूत राहिल्या. माझ्या बहिणीचे केस त्या दिवशी कानाच्या वर गेले. तिचा वैताग त्या दिवसापासूनचा आहे, तो त्या दुकानदाराने सुरू केलेला नाही. त्याने फक्त त्याला नोकरीची अट करून टाकलं.

तर पहिला हिशेब. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे बारा दिवस माती उपसा तेव्हा एक डोकं सरळ होतं. आणि किती दिवस? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि मुळातून जो येतो तो कुरळाच येतो, त्याला पार्लरचं बिल दाखवता येत नाही. चार-सहा महिन्यांनी खाली सरळ, वर कुरळं. पुन्हा जा, पुन्हा माती उपसा. पार्लरवाली सांगते, तीन दिवस केसांना पाणी लावायचं नाही. मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यात ही अट फुकटात पाळली जाते. टँकर येईल तेव्हा हंडा भरायचा की केस धुवायचे? याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचं धरण आहे, शंभर मीटरच्या वर उंच, २०१४ सालापासून त्याचं पाणी मुंबईला जातं. तिथल्या पार्लरांत शॉवर सोडून जे केस धुतात ते आमच्या डोंगरावरच्या पावसाने. हे मला गोदीत नळाला तोंड लावताना दरवेळी आठवतं.

आता डब्यात काय असतं ते. यातलं थोडं मला पार्लरवालीपेक्षा जास्त कळतं, कारण मी हमाल आहे. कॉस्टिक सोड्याची पन्नास किलोची पोती आम्ही पाठीवर मारतो. आत पांढरे पापुद्रे असतात. पोतं उसवलं आणि घामेजल्या मानेवर चिमूटभर पडलं तर पहिल्यांदा बुळबुळीत लागतं, साबणासारखं. ते बुळबुळीत लागतं कारण खरोखरच आपल्या कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो. जळायला मागनं लागतं. हाच सोडा, प्रमाण कमी करून, अमेरिकेतल्या काळ्या बायांसाठी जे केस सैल करायचं मलम निघतं त्यात घालतात. आपल्याकडच्या रिबॉन्डिंगमध्ये बहुतेक थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. केसाच्या आत गंधकाचे सांधे असतात, कुरळेपणा ते धरून ठेवतात. रसायन ते सांधे तोडतं, मग तापलेली इस्त्री केसांवरून फिरवतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून सांधे पुन्हा जुळवतात, सरळ अवस्थेत. आधी मोडायचं, मग आपल्या मापात जोडायचं. आणि काही केराटिन मलमांमधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. तेच फॉर्मल्डिहाइड पाण्यात मिसळलं की फॉर्मलिन होतं, त्यात डॉक्टरलोक प्रेतं ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच ते माणसाला कॅन्सर करणारं म्हणून जाहीर केलं. २०२२ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. ३३,४९७ बायांवर अकरा वर्षं लक्ष ठेवलेलं. ज्या बाया केस सरळ करायची रसायनं कधीच लावत नव्हत्या त्यांच्यात वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण शेकडा १.६४ निघालं. ज्या वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा लावत होत्या त्यांच्यात ४.०५. एकदा लावलं की कॅन्सर होतो असं कोणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण दुकानदाराने "सेट करून ये" म्हणताना हा आकडा सांगितला नव्हता.

माल्कम एक्सच्या आत्मचरित्रात, १९६५ सालच्या, हे सगळं आहे. बॉस्टनमध्ये पोरसवदा असताना मित्राने त्याच्या डोक्यावर सोडा, बटाटे आणि अंडी यांचा लगदा थापला, टाळू पेटली, आणि आरशात गोऱ्यासारखे सरळ केस बघून हा पोरगा खूश झाला. नंतर त्याने स्वतःच्या त्या खुशीचीच सालटी काढली. पुढच्याच वर्षी ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, डोक्यावर केसांचा गोल डोंगर मिरवत. १९७२ साली मुंबईत आपल्या लोकांनी ते नाव उचललं आणि दलित पँथर काढली. नाव आलं, केस काही आले नाहीत. बौद्ध वधू-वर मेळाव्याचे फॉर्म वाचा एकदा. रंग गोरा किंवा निमगोरा, केस लांब. भाई, जयभीम म्हणून त्या फॉर्मवर सही तुम्हीच करता.

गोदीत मला हबशी म्हणतात. म्हणा. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथून गुलाम म्हणून विकत आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, दख्खनमध्ये मोगलांना त्याने पाणी पाजलं, जमिनी मोजून शेतसारा बसवला. १६२६ साली मेला तोवर दिल्लीची झोप उडालेली होती. पण शिवी देणाऱ्याच्या डोक्यात मलिक अंबर नसतो. त्याच्या डोक्यात फक्त एवढंच असतं की तू खालचा आहेस आणि तुझे केसही त्याची साक्ष देतात.

ही साक्ष खोटी आहे, आणि माझं खरं भांडण इथे आहे. कुरळे केस काय फक्त आमच्यातच असतात? पुण्याच्या कोणत्याही पेठेत चक्कर मारा. मराठी कादंबरीतली गोरी नायिका घ्या, तिच्या कपाळावर कुरळ्या बटा भुरभुरतात आणि नायक पानभर उसासे टाकतो. बामणाच्या पोराचे केस कुरळे असले तर तो कवी दिसतो, माझे असले तर मी हबशी. तिच्या त्या बटा, माझ्या बहिणीच्या त्या झिंज्या. गंधकाचे सांधे तेच आहेत! बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्यांनी छापलेली नाकांची मापं घेऊन दाखवून दिलं की बामण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत, जात काही नाकावर उगवत नाही. मग ती केसावर तरी कशी उगवेल? दुकानदाराला कुरळा केस दिसला नाही. मोखाड्याची, काळी, पाड्याकडची पोरगी दिसली, आणि ते तोंडाने म्हणता येत नाही म्हणून तो केस म्हणाला. उद्या केस सरळ झाले की तो रंग म्हणेल, रंगावर काही चोपडलं की बोली म्हणेल. आमच्या बोलीला कोणतं रसायन लावायचं?

इथे एक भाई उठतो आणि म्हणतो, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं होतं, लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा, गळ्यातले गळाभर सर आणि हातातले ढीगभर गोट टाकून द्या, अस्पृश्यतेच्या खुणा पुसा. मग केस सरळ करणं हे खुणा पुसणंच नाही का? प्रश्न बरोबर आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितलं ते जातीने अंगावर चढवलेलं होतं. ते उतरवलं की खाली माणूस उरतो. केस कुणी चढवलेले नाहीत. आणि त्या बायांनी त्याच रात्री लुगडी बदलली, त्यासाठी सावकाराकडे जावं लागलं नाही की टाळू भाजून घ्यावी लागली नाही.

महाडलाच दोन दिवस आधी मनुस्मृती जाळली. तिच्या तिसऱ्या अध्यायात कोणती मुलगी करू नये याची यादी आहे, त्यात पहिलीच आहे कपिला, तांबूस केसांची. हे मी मुद्दाम सांगतो, कारण जव्हार-मोखाड्यात तांबूस केस म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला ठाऊक नसणार. पोराला महिनोन् महिने धड खायला मिळालं नाही की केसाचा काळा रंग उडतो. केस तांबूस होतो, विरळ होतो, आणि कुरळा असेल तर सरळ होतो. होय, सरळ. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९३५ साली या रोगाला क्वाशिओरकोर हे तिथल्याच बोलीतलं नाव जगापुढे आणलं. मध्ये काही आठवडे बरं खायला मिळालं तर तेवढा पट्टा काळा उगवतो, पुन्हा उपास, पुन्हा तांबडा पट्टा. डॉक्टर त्याला झेंड्याची खूण म्हणतात. पोराचा एक केस उजेडात धरला तर घरात कधी धान्य होतं आणि कधी नव्हतं ते वाचता येतं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं पटापट मेली तेव्हा महाराष्ट्राला हा तालुका नकाशावर सापडला. मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. २०१६ साली मोखाड्यात पुन्हा तेच, पुन्हा मंत्री. आमच्याकडे केस सरळ करायचा धंदा भूक कितीतरी आधीपासून करते, आणि पैसेही घेत नाही. माझ्या बहिणीचे केस काळेभोर आणि गच्च कुरळे आहेत. म्हणजे आईने कुठून तरी आणून तिला खाऊ घातलं. त्यावर इस्त्री फिरवायची?

आणि बुद्धाचं काय करणार आहात? आपल्या घराघरांत भिंतीवर जो आहे त्याच्या डोक्याकडे बघितलंय कधी? बारीक बारीक शंखांसारखे घट्ट कुरळे. निदानकथेत लिहिलंय, सिद्धार्थाने घर सोडल्यावर तलवारीने केस कापले, ते दोन बोटं उरले, उजवीकडे वळून डोक्याला चिकटले आणि जन्मभर तसेच राहिले. कान्हेरीच्या लेण्यांत जाऊन बघा, बोरिवलीहून तर जायचंय. त्याला कुणी सेट करून ये म्हणालं नाही.

माझ्या डोक्याचं मी ठरवलंय, नाही. बहिणीचं मी ठरवणार नाही. जे भाई तिला स्वाभिमानावर भाषण द्यायला तयार बसलेत त्यांनी आधी तिला पगार द्यावा. साडेतीन हजार मी तिच्या खात्यात टाकलेत, आणि डब्यात काय काय असतं ते फोनवर सगळं सांगितलंय. तिने केस सरळ केले तर ती माझी बहीणच आहे आणि तिच्याविरुद्ध एक शब्द मी कुणाचा ऐकणार नाही. ती म्हणाली, "दादा, आधी मी त्याला विचारते, असेच ठेवले तर पगार कमी देणार का?" तिने विचारलं. मालक म्हणाला, विचार करून सांगतो. आज पंधरा दिवस झाले, त्याचा विचार चालूच आहे.

तर तिला विचारून असं ठरलंय की येत्या रविवारी आपण काही जण त्या दुकानात जाऊ. घोषणा नकोत, काचा तर नकोतच. गिऱ्हाईक म्हणून जायचं, शर्टाचे भाव विचारायचे, आणि ती अट कागदावर लिहून मागायची. विरारहून डहाणूकडे जाणारी सकाळची गाडी धरू. तोडफोडीच्या हौसेने येणाऱ्यांनी घरीच राहावं, कारण पोरीला नोकरी तिथेच करायची आहे. बाकी ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी तेल न लावता, भांग न पाडता यावं. ज्यांचे सरळ आहेत त्यांनीही यावं, फक्त ते जेल धुऊन.