तुटलेला स्टड आणि मिस्त्रीची मजुरी

ज्यांच्याकडे मालाचा टेम्पो किंवा कारखान्यात जनरेटर आहे, त्या व्यापारी बांधवांना हा प्रसंग नवा नाही. एक्झॉस्टचे गॅस्केट बदलायला गाडी गॅरेजला जाते आणि दुपारी निरोप येतो, ‘शेठ, हेडमधला स्टड तुटला.’ मालकाचा पहिला प्रश्न, ‘गाडी आज मिळेल ना?’ दुसरा, ‘एवढ्याशा स्टडला एवढे पैसे?’ हे दोन्ही प्रश्न शेवटी मालकालाच महागात पडतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट. एक टोक हेडमध्ये, दुसऱ्यावर नट. एक्झॉस्टजवळचा स्टड रोज तापतो, निवतो आणि गंजतो. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर दोन धातूंच्या संपर्काने आटे अधिकच धरतात. अशा स्टडवर लांब पान्याने जोर केला की तो मोडलाच म्हणून समजा.

जाणता मिस्त्री पायरी-पायरीने जातो. आधी गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू देतो. स्टड बाहेर शिल्लक असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून आतला नट उलटा फिरवतो. बाहेरचे आटे गेले असतील तर नट वेल्डिंगने जोडतो. त्या उष्णतेनेही पकड सुटते. मग मागेपुढे हलवीत स्टड काढतो. स्टड आत मोडला असेल तरच ड्रिल, तेही बरोबर मध्यावर पंच मारून. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्टडसाठी आटे पाडण्याआधीचे भोक ६.८ मिलिमीटरचे असते. ड्रिल अर्धा मिलिमीटर सरकले तरी हेडचे आटे खाल्ले जातात. ‘ईझी आऊट’ कडक पण ठिसूळ असतो. तो आत मोडला तर साधे ड्रिल त्याला लागत नाही. हेड उतरवून स्पार्क इरोजनच्या मशीनवर न्यावे लागते. आटे गेलेच तर इन्सर्ट बसवून हेड वाचवता येते, पण खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात.

म्हणजे काम स्टडचे नसून हेड वाचवण्याचे आहे. रफूगराची मजुरी आपण धाग्याच्या किमतीवर ठरवत नाही. वाचलेल्या शालीवर ठरवतो. मग मिस्त्रीच्या हुनराला वेगळा काटा का? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचा मोबदला देण्याची ताकीद आपल्याला आहे. पण मोबदला ठरवतानाच हात आखडला, तर वेळेवर दिल्याचे समाधान अपुरेच.

तेव्हा बांधवांनो, गाडी सोडताना एक रात्र जास्त द्या, मजुरी लागणाऱ्या वेळेवर ठरवा. नवा स्टड बसवण्याआधी हेडचे आटे टॅपने साफ करून उष्णता सोसणारे ग्रीस लावायला सांगा. सब्र केला तर स्टड निघतो. घाई केली तर हेड जाते.