संगणकांचें जाळें : पाठांतर कीं परिचय?

संगणकांच्या जाळ्याचे प्रकार सांगा, असें वर्गांत म्हटलें कीं उत्तर तत्काळ मिळतें. स्टार, रिंग, बस या रचनांच्या आकृति मुलें बिनचूक काढून दाखवितात. परंतु 'तुझ्या घरचा निरोप परदेशीं जातो तो कोणत्या वाटेनें?' असें विचारावें, तर बहुतेक बोटें आकाशाकडे वळतात. उपग्रहावरून! पालकांचीहि समजूत बहुधा हीच असते. रिंग व बस या रचना आतां घरीं वा शाळेंत क्वचितच आढळतात; जें डोळ्यांसमोर आहे त्याची ओळख मात्र कोणी करून देत नाहीं. हें शिक्षण आमच्या मतें अपुरें आहे.

वस्तुस्थिति अशी कीं, मोबाईल रेडिओलहरींनीं बोलतो तो घरांतील राउटरशीं किंवा जवळच्या टॉवरशीं. बिनतारी मजल बहुधा एवढीच. पुढें तार किंवा कांचेचा तंतु. समुद्रापलीकडचा निरोप बहुतांशीं सागरतळाच्या केबलींतून प्रकाशरूपानें धांवतो, आणि त्यांतील कित्येक केबली मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस भूमध्य समुद्रांत अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या, तेव्हां भारतांतील इंटरनेटहि मंदावलें.

निरोप अखंड जात नाहीं. त्याचे लहान तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घालतात. वाटेंतील राउटर पत्ता वाचून केवळ पुढचा मुक्काम ठरवितो. सगळी वाट कोणा एकास ठाऊक नसते. तुकड्यांची ही कल्पना पॉल बॅरन व डोनाल्ड डेव्हिस यांना १९६० नंतरच्या दशकांत स्वतंत्रपणें सुचली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसहून 'लॉगिन' हा शब्द पाठवूं लागले, तों दोन अक्षरें पोहोंचतांच पलीकडचें यंत्र बंद पडलें! पुढें व्हिंट सर्फ व बॉब कान यांनीं १९७४ सालीं निरनिराळीं जाळीं परस्परांस जोडण्याचे नियम मांडले, व त्यांतून सिद्ध झालेली नियमावली १ जानेवारी १९८३ पासून त्या पहिल्या जाळ्यानें स्वीकारली. भिन्न बनावटीचीं यंत्रें एका करारानें वागतात, हें आम्हांस यंत्रांहूनहि अधिक नवलाचें वाटतें.

पत्त्यांचीहि मौज आहे. जुन्या पद्धतींत ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते होतात, ते पुरेनात. म्हणून नवी लांब पद्धति निघाली, आणि जुनींत घरचीं सर्व यंत्रें बाहेर एकाच पत्त्यावर वावरूं लागलीं. तुमच्या मोबाईलचा घरांतील पत्ता पाहा, तो १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, आणि शेजाऱ्याचाहि तसाच असेल. प्रत्येक चाळींत चार नंबरची खोली असतेच कीं!

ही केवळ जिज्ञासेची बाब नव्हे. निरोप अनेक परक्या यंत्रांच्या हातून जातो. तो सांकेतिक लिपींत बंद केला नसेल, तर तें उघडें पोस्टकार्डच. ही वाट ज्याला ठाऊक आहे, तो मुलगा बँकेचा परवलीचा शब्द वाटेल त्या पानावर लिहिणार नाहीं. ज्यानें फक्त आकृति पाठ केली, त्याला हें कोण सांगणार?

मुलांनीं हात लावला तर यंत्र बिघडेल, अशी भीति कांहीं पालक व्यक्त करतात. एक तार उपसून पुन्हा बसविल्यानें कांहीं बिघडत नाहीं. उलट कोणता दिवा विझला व कोणता संगणक तुटला, हें मूल जन्मभर विसरत नाहीं. आमच्या संगणकवर्गांत कोपऱ्यांतील ज्या कपाटांत साऱ्या तारा एकत्र येतात, त्याला कुलूप असतें. येत्या सत्रांत आकृतीचा धडा मागें ठेवून आधीं तें कुलूप काढावें.